फर्निश्ड खोली, पण कपाटामागं बघितलं का?

प्रश्न : मुलीला भूतरामनहट्टीच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. एजंटनं टिळकवाडीत फर्निश्ड स्टुडिओ दाखवलाय. कॉट, फ्रीज, गिझर, वायफाय सगळं आहे. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट कन्नडमध्ये आहे. घ्यावा का? – एक आई, निपाणी

उत्तर : ताई, आधी रस्ता बघा. तुमच्याकडून हायवेनं येताना विद्यापीठ आधी लागतं, मग काकती, मग बेळगाव. टिळकवाडी तर त्याच्याही पुढं, खानापूरच्या अंगाला. म्हणजे पोरगी रोज आख्खं शहर ओलांडून परत निपाणीच्याच दिशेनं जाणार! मच्छेच्या व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात) असती तर टिळकवाडी सोयीची. तिच्यासाठी सेंट्रल बसस्टँडपासून चालत गाठता येईल अशी खोली शोधा, फ्रीज नसला तरी चालेल.

आता सामानाचं. माझ्या मुलासाठी मी अशीच सामानासकट खोली भर एप्रिलमध्ये पसंत केली होती. जुलैत कपाट सरकवलं तर मागची भिंत हिरवीगार, गादी खालून काळी आणि त्याच्या चामडी चपलांवर पांढरी बुरशी. खोली सोडताना मालकानं गादीचे पैसे डिपॉझिटमधून कापले. गादी आम्हीच भिजवली म्हणे! आत येताना ती कशी होती याचा एक फोटो नव्हता माझ्याकडं. तेव्हा पावसातच बघायला जा. कपाट ओढा, गादी उलटी करा, फोटो त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. सामानाची यादी अ‍ॅग्रीमेंटला जोडून दोघांच्या सह्या घ्या. नळ किती दिवसांआड येतो ते मालकाला नको, शेजारणीला विचारा.

लाइटचं मीटर खोलीचं वेगळं आहे की सबमीटर? वेगळं असेल तर बिलावरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, घ्या. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचा अर्ज भाडेकरूलाही करता येतो. मात्र २०० युनिटं ही वरची मर्यादा. फुकट किती, ते त्या मीटरच्या आधीच्या वापरावरून ठरतं. गिझर रोज तापला तर हिशेब बदलतो.

अ‍ॅग्रीमेंट कन्नडमध्ये आहे याचा बाऊ नको, पण न वाचता सहीही नको. कन्नड शाळेत शिकलेलं ओळखीतलं एखादं पोर शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून घ्या. ११ महिन्यांत काही काळंबेरं नाही. वर्षाच्या वरचा करार रजिस्टर करावा लागतो म्हणून तो आकडा. नोटीस किती महिन्यांची आणि मधेच सोडलं तर डिपॉझिटचं काय, या दोन ओळींवर बोट ठेवा.

टोकन दिलं नसेल तर अजून देऊ नका.