गुगलचं टोकन तासाभरात संपतं, तेव्हा

गुगल कॅलेंडरला पीएचपी स्क्रिप्ट जोडताय ना, मग आधी एक गोष्ट पक्की करा: हाती दोन टोकनं (खातं वापरायची परवानगी दाखवणाऱ्या गुगलच्या सांकेतिक चाव्या) यायला हवीत. ॲक्सेस टोकन साधारण 3600 सेकंद चालतं. ते संपलं की नवं घ्यायला रिफ्रेश टोकन लागतं, आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी संमतीच्या लिंकमध्ये (जिथे खातेदार परवानगी देतो) ‘ॲक्सेस टाइप’ ऑफलाइन ठेवा. परवानगी आधीच दिलेली असेल तर रिफ्रेश टोकन सहसा परत येत नाही. अशा वेळी ‘प्रॉम्प्ट’मध्ये कन्सेंट घालून संमती पुन्हा घ्या.

दर तासाला क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) लावून टोकन बदलत बसायची मला तरी गरज वाटत नाही. टोकनासोबत ते संपण्याची वेळही फाइलमध्ये साठवा, प्रत्येक कॉलआधी (म्हणजे गुगलला विनंती पाठवण्याआधी) ती बघा, आणि पाचेक मिनिटं उरली असतील तर तेव्हाच नवं घ्या. तरीही 401 (टोकन मान्य नसल्याचा कोड) आलं तर रिफ्रेश करून तोच कॉल परत करा, पण एकदाच; नाहीतर स्क्रिप्ट गोल गोल फिरत राहील. रिफ्रेश केल्यावर गुगलकडून येणाऱ्या नव्या उत्तरात रिफ्रेश टोकन बहुतेक नसतं. आख्खं उत्तर जुन्या फाइलवर लिहिलंत तर तिथलं रिफ्रेश टोकन पुसलं जाईल, म्हणून बदललेले रकानेच भरा. आणि लिहिताना फाइल लॉक करा.

ही फाइल पब्लिक एचटीएमएलच्या (वेबवरून उघडता येणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) तर मुळीच नको.

बरोबर आठवड्याने ‘इन्व्हॅलिड ग्रँट’ (रिफ्रेश टोकन चालत नसल्याचा संदेश) आलं तर लगेच कोड उकरू नका. ॲप एक्स्टर्नल (तुमच्या संस्थेबाहेरच्यांसाठीही) आणि ‘टेस्टिंग’मध्ये असेल तर रिफ्रेश टोकन 7 दिवसांत बाद होतं. गुगल क्लाउड कन्सोलमध्ये ॲप ‘इन प्रॉडक्शन’ करा आणि संमती नव्याने घ्या.