लोखंडाला भोक पाडायचंय? आधी ड्रिलचं बिट बघ

भिंतीचं बिट पत्र्यावर चालवू नकोस. त्याच्या टोकाला कार्बाइडचा बोथट तुकडा असतो. तो विटा फोडतो, लोखंड कापत नाही. मीही सुरुवातीला हेच केलं होतं. भोक पडलं नाहीच, नुसता धूर निघाला.

साध्या लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट पुरतं. सोनेरी मुलाम्याला भुलू नकोस, धार लावली की टोकावरचा मुलामा जातो. स्टेनलेस स्टीलला मात्र कोबाल्ट मिसळलेल्या स्टीलचंच घे. एम३५ या प्रकारच्या स्टीलमध्ये सुमारे ५ टक्के कोबाल्ट असतं, एम४२ मध्ये ८. टोक १३५ अंशाचं, स्प्लिट पॉइंट (मध्यभागीही धार काढलेलं) असेल तर घसरत नाही. तरी सेंटर पंच (टोकदार पोलादी दांडा) ठोकून भोकाच्या जागी छोटा खड्डा पाडच.

स्टेनलेसवर बिट नुसतं घासत राहिलं की तिथला धातू आणखी कडक होतो, मग काही केल्या कापत नाही. म्हणून वेग कमी, दाब भरपूर, तेलाचे थेंब सतत. लांब, गुंडाळलेला कीस निघाला तर समज बरोबर चाललंय; भुगा पडायला लागला तर धार गेली. १० मिमीचं भोक हवं असेल तर आधी ३-४ मिमीचं पाड. आणि हातमोजे काढ, फिरत्या बिटात अडकतात. डोळ्यांना सुरक्षा चष्मा मात्र हवाच.