वाचकांचे प्रश्न : घरच्या जुन्या स्लाइड्सचे स्कॅनिंग

प्रश्न : माझे वडील मर्चंट नेव्हीत होते. १९६० आणि १९७०च्या दशकांत त्यांनी काढलेल्या सुमारे चारशे रंगीत स्लाइड्स आमच्याकडे पत्र्याच्या डब्यात आहेत. बहुतेक कोडॅक कंपनीच्या कोडाक्रोम फिल्मच्या आहेत, काही तिच्याच एक्टाक्रोमच्या. काहींवर बुरशीचे ठिपके दिसतात, तर काही पार लालसर झाल्या आहेत. प्रोजेक्टर केव्हाच बंद पडला. हे काम घरीच करण्याचा विचार आहे. फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर पुरेल का आणि डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) किती ठेवावा? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : स्कॅनर विकत घेण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. सगळ्या स्लाइड्स खिडकीच्या उजेडात एकेक करून पाहाव्यात आणि घरात जे कोणी वडीलधारे आहेत त्यांना शेजारी बसवून चित्रातले लोक कोण, बंदर कोणते, जहाज कोणते हे वहीत लिहून घ्यावे. रंग उद्याही सुधारता येतील, परंतु नावे सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही. कोडाक्रोमच्या अनेक पुठ्ठ्याच्या चौकटींवर महिना आणि वर्ष छापलेले असते, त्याचीही नोंद करावी. मात्र ती तारीख फिल्म धुतल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. दीर्घ सफरीवरच्या माणसाच्या बाबतीत या दोहोंत कित्येक महिन्यांचे अंतर असू शकते.

आता स्कॅनरविषयी. प्रिंटरला जोडून येणारा साधा स्कॅनर या कामी येत नाही, कारण त्याचा प्रकाश खालून कागदावर पडून परत येतो आणि स्लाइडला तर प्रकाश आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेड हवा. एप्सनचा व्ही ६०० हे अशा यंत्रांचे परिचित उदाहरण असून त्यात एका वेळी चार स्लाइड्स बसतात. झाकणाच्या आत बसवलेली पांढरी पाटी स्लाइड स्कॅन करण्याआधी काढावी लागते. ती तशीच राहिली तर झाकणातला दिवा झाकला जातो आणि यंत्र बिघडले असावे अशी शंका येऊ लागते. स्लाइड ठेवण्याच्या साच्यात वरच्या बाजूला एक मोकळी खाच असते. यंत्र तिच्यातून स्वतःचा प्रकाश मोजून घेते, म्हणून तिथे धुळीचा एक कणही असू नये, अन्यथा चित्रभर उभी रंगीत रेघ उमटते.

डीपीआयच्या बाबतीत खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ६४०० डीपीआय असे छापलेले असले तरी या वर्गातल्या फ्लॅटबेडची लेन्स प्रत्यक्षात त्याच्या निम्माही तपशील टिपत नाही. आकडा वाढवला की फाइल फुगते आणि वेळ जातो, चित्र आहे तेवढेच राहते. आपण २४०० डीपीआय ठेवावा. ३५ मिमी स्लाइडचे चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचे असते, तेव्हा या मापाने सुमारे ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात आणि त्यातून साधारण ११ बाय साडेसात इंचांचा उत्तम छापील फोटो निघतो. ४८ बिट रंगात (म्हणजे अधिक बारीक रंगछटांसह), टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल स्वरूपात जतन केल्यास एक फाइल सुमारे ४६ एमबीची होते, म्हणजे चारशे स्लाइड्सना १९ जीबीदेखील लागत नाहीत. त्यांतल्या ज्या निवडक स्लाइड्स मोठ्या आकारात छापाव्याशा वाटतील, तेवढ्याच पुढे एखाद्या चांगल्या स्टुडिओतून खास फिल्म स्कॅनरवर करून घ्याव्यात. सगळ्यांसाठी तेवढा खर्च करण्याची आवश्यकता नाही.

स्लाइडची कोणती बाजू कोणती हे ओळखणे सोपे आहे. कोडाक्रोम उजेडात तिरपी धरली की एका बाजूवर चित्राच्या कडा किंचित उठून दिसतात, जणू ते कोरलेले आहे. ती मंद बाजू रसायनाच्या थराची आणि दुसरी चकचकीत बाजू नुसत्या फिल्मची. मंद बाजूला बोट लागता कामा नये. धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी, तोंडाने कधीही फुंकर मारू नये, कारण फुंकरीबरोबर ओलावाही जातो.

बुरशीची गोष्ट अधिक नाजूक आहे. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि आपल्या कोकणातल्या पावसाळी हवेत बुरशीला त्यावर आयते खाद्य मिळते. बुरशी लागलेले जिलेटिन पाण्यात विरघळू शकते, त्यामुळे ओल्या कापडाने पुसलेली स्लाइड डोळ्यांदेखत पुसून जाण्याचा धोका असतो. बुरशीच्या स्लाइड्स आधी वेगळ्या काढाव्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, काहीही न पुसता, आहे त्या स्थितीत प्रथम स्कॅन कराव्यात. स्वच्छतेचा प्रयोग त्यानंतर, आणि तोही कमी महत्त्वाच्या एखाद्या स्लाइडवर.

लालसर झालेल्या स्लाइड्स बहुधा जुन्या प्रक्रियेच्या एक्टाक्रोम असाव्यात. त्यांच्यातला निळसर-हिरवा रंग उडाला की लाल-जांभळा तेवढा मागे राहतो. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर त्यामानाने फार टिकते. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे मात्र ती लवकर फिकी पडते. म्हणजे जी स्लाइड पाहुण्यांना सर्वांत जास्त वेळा दाखवली गेली, तीच आज फिकी झालेली असण्याचा संभव आहे. व्ह्यूस्कॅनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उडालेला रंग परत आणण्याची सोय असते, परंतु मूळ फाइल दुरुस्तीविना ठेवावी आणि रंगांचे काम तिच्या प्रतीवरच करावे.

प्रश्न : धूळ आपोआप काढणारी सोय सुरू केली की रंगीत स्लाइड्स स्वच्छ येतात, पण कृष्णधवल निगेटिव्ह विचित्र दिसतात. असे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ही सोय अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशावर चालते. रंगीत फिल्मचे रंग त्या प्रकाशाला अडवत नाहीत, धूळ अडवते, आणि त्यावरून सॉफ्टवेअर धूळ ओळखून पुसते. कृष्णधवल फिल्ममधले चित्र चांदीच्या कणांचे असते आणि चांदी तो प्रकाश अडवते, म्हणून सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजते. कृष्णधवलसाठी ती बंद ठेवावी. कोडाक्रोमवरही कधीकधी गडद भागातले बारकावे बिघडतात, तेव्हा रत्नागिरीच्या वाचकांनीही आधी दोन-चार स्लाइड्सवर पडताळून पाहावे.

प्रश्न : स्कॅनिंग झाल्यावर मूळ स्लाइड्स टाकून द्याव्यात का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : कृपया टाकू नयेत. कोडाक्रोम १९३५ साली बाजारात आली, २००९ मध्ये तिचे उत्पादन थांबले, आणि २०१०च्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स येथील शेवटच्या प्रयोगशाळेनेही ती धुणे बंद केले. आपल्या हाती असलेली चौकट ही त्या क्षणाची एकमेव मूळ प्रत आहे. उद्या अधिक चांगला स्कॅनर आला तर त्याच्यापुढे तीच ठेवावी लागेल. स्लाइड्स कोरड्या जागी, शक्यतो माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीलगतच्या कपाटात न ठेवता, घरातल्या आतल्या खोलीत ठेवाव्यात. स्कॅन केलेल्या फाइल्सच्या दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे द्यावी.