उत्तर: उचलीच्या हिशोबातले उणे आकडे

भाऊ, तुमच्या दोन अडचणी आहेत. नागपूरच्या कळमना बाजारातल्या तुमच्या आडतीच्या एक्सेल शीटमध्ये बाकीला अ‍ॅब्स (उण्याची खूण काढून टाकणारं सूत्र) लावूनही एकूण जुळत नाही, आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून आणलेले काही उणे आकडे बेरजेत येतच नाहीत.

आधी अ‍ॅब्स काढा. एका शेतकऱ्याने २०,००० उचल (आगाऊ पैसे) घेतली, माल आला १४,५०० चा. बाकी ५,५००, म्हणजे तुमचं येणं. दुसऱ्याची उचल १०,०००, माल १८,००० चा. बाकी -८,०००, हे तुमचं देणं. खरी बेरीज -२,५००. अ‍ॅब्स लावला की १३,५०० दिसते, आणि =मॅक्स(०,बी२-सी२) लिहिलं तर ५,५००, कारण मॅक्स उण्याच्या जागी शून्य धरतो (बी म्हणजे उचल, सी म्हणजे माल, डी म्हणजे बाकी). मीही एका आडत्याला शीट करून देताना असा मॅक्स लावला होता. अंबिया बहाराचा (संत्र्यांच्या एका हंगामाचा) माल संपल्यावर एक शेतकरी पट्टीचे (विकलेल्या मालाच्या हिशोबाचे) पैसे मागायला आला, तर त्याच्यापुढे शून्य! त्याला त्या दिवशी रिकाम्या हाती परत जावं लागलं, ते मला अजून लागतं. उणे म्हणजे कुणाचे तरी पैसे आपल्याकडे आहेत, ते लपवू नका. साधं =बी२-सी२ ठेवा, सेलच्या फॉरमॅटमधून उणे आकडे लाल करा. देण्याची वेगळी बेरीज हवी तर =समइफ(डी:डी,"<०"). (सूत्रांची आणि कॉलमची नावं, आकडे टाइप करताना इंग्रजीतच टाका.)

आता बेरजेत न येणारे आकडे. ते नीट बघा, बहुतेक १२५०- असे असतील, उण्याची खूण मागे. एक्सेल त्याला मजकूर समजतो, म्हणून तो सेलमध्ये डावीकडे चिकटतो आणि सम त्याला सोडून देतो. कॉलम निवडून डेटामधलं टेक्स्ट टु कॉलम्स चालवा. शेवटच्या पायरीवर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ट्रेलिंग मायनसवर टिक आहे ना बघा आणि फिनिश करा. पीडीएफमधून चिकटवलेल्या आकड्यात कधी उण्याऐवजी लांब रेघ येते. ती रेघ कॉपी करून फाइंड-रिप्लेसने साधा उणे टाका. मग इजनंबरने तपासा, सेलमध्ये खरा आकडा असेल तर ट्रू येईल.

आणखी एक, रुपयांपुढचे पैसे काढून टाकायला तुम्ही इन्ट हे सूत्र वापरता. २४५.५० चे २४५ होतात, पण -२४५.५० चे -२४६, कारण इन्ट नेहमी खालच्या पूर्णांकावर जातो. तिथे ट्रंक वापरा, तो -२४५ च देतो.