प्राध्यापकाने प्रत्यक्ष तुरुंग चालवल्याचं खरं उदाहरण आहे का? आणि असा शिक्षक किंवा तुरुंगाधिकारी आमदार होऊ शकतो का?

आहे. अलेक्झांडर मॅकोनोची. जन्म 1787, एडिनबरो. आधी नौदलात, तिथे फ्रेंचांच्या कैदेत काही वर्षं काढली. म्हणजे कोठडी त्याला आतूनही ठाऊक. 1833 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भूगोलाचा पहिला प्राध्यापक झाला. 1840 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरची ब्रिटिशांची कैद्यांची वसाहत हाती आली. कुप्रसिद्ध जागा, फटक्यांवर चालणारी.

त्याने शिक्षा वर्षांत न मोजता गुणांत मोजायची ठरवली. काम आणि वागणूक चांगली तर गुण जमा. त्यातूनच जादा सोयी घ्यायच्या, उरतील ते सुटकेसाठी. मास्तरच तो! राणीच्या वाढदिवसाला सगळ्या कैद्यांना दिवसभर मोकळं सोडलं, जेवण दिलं. संध्याकाळी सगळे शिस्तीत परतले, पण वरिष्ठ भडकलेच. 1844 मध्ये त्याला हटवलं. पुढे बर्मिंगहॅमच्या तुरुंगावरूनही गच्छंती. नंतर वॉल्टर क्रॉफ्टन या तुरुंग अधिकाऱ्याने हीच कल्पना आयर्लंडमध्ये राबवली. चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत सूट, जी आज आपल्याकडच्या शिक्षा झालेल्या कैद्यांनाही मिळते, त्याच विचाराची.

आता आमदारकीचं. मॅकोनोची कधी कायदेमंडळात गेला नाही. मुंबईत शिक्षकाला त्यासाठी विधान परिषदेचा शिक्षक मतदारसंघ आहे. मतदार माध्यमिक व त्यावरचे शिक्षक, प्राथमिकचे नाहीत. तुरुंगाधिकाऱ्याला मात्र आधी सरकारी नोकरी सोडावी लागेल.