बूमरँगवर नवीन कार्टून कशी घुसली?

अमेरिकेतलं बूमरँग चॅनेल जुन्या कार्टूनसाठीच होतं तर मग त्यावर नवीन शोज कसे आले असं विचारलंयस ना, तर गोष्ट चॅनेलच्या बरीच आधी सुरू होते.

टीव्ही चॅनेलवाल्या टेड टर्नरने १९८६ मध्ये एमजीएम हा हॉलिवूडचा स्टुडिओ विकत घेतला, कर्ज झेपेना म्हणून थोड्याच महिन्यांत स्टुडिओ वगैरे विकून टाकलं पण जुन्या पिक्चरचा साठा काही सोडला नाही. त्यात टॉम अँड जेरी आले, पॉपाय आला, आणि वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओची १९४८ पर्यंतची रंगीत लूनी ट्यून्सपण (बग्ज बनीवाली) आली (हो, वॉर्नरने स्वतःचाच माल पन्नासच्या दशकात विकला होता!). मग १९९१ मध्ये त्याने हॅना-बार्बेरा ही कार्टून कंपनी घेतली. हॅना आणि बार्बेरा हे दोघं मुळात टॉम अँड जेरीवालेच, १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला म्हणून बाहेर पडून टीव्हीसाठी कमी खर्चात कार्टून काढायला लागले, फ्लिंटस्टोन्स, जेट्सन्स, स्कूबी-डू सगळं तिथलंच. म्हणजे त्यांचं आधीचं आणि नंतरचं काम फिरून एकाच मालकाकडे.

एवढं गोदाम भरल्यावर दुकान उघडणारच, १ ऑक्टोबर १९९२ ला कार्टून नेटवर्क आलं. तेव्हा खरं तर ते अख्खंच बूमरँग होतं, कारण स्वतःचं नवीन जवळपास काही नव्हतंच. त्याच डिसेंबरमध्ये त्याच चॅनेलवर बूमरँग नावाचा ब्लॉक (जुन्या कार्टूनसाठी राखीव वेळ) सुरू केला, नावातला 'बूमर' म्हणजे अमेरिकेतली बेबी बूमर पिढी, दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली, जी लहानपणी हेच बघायची. पुढे कार्टून नेटवर्कची स्वतःची नवीन कार्टून आली, १९९६ ला डेक्स्टर, ९७ ला जॉनी ब्राव्हो, ९८ ला पॉवरपफ गर्ल्स, सगळे हिट, मग म्हाताऱ्या कार्टूनना जागा कुठून राहणार? म्हणून १ एप्रिल २००० ला त्यांना वेगळं चॅनेल काढून दिलं.

ती पहिली काही वर्षं भारी होती राव. जाहिराती नाहीत, मधे मधे जुन्या खेळण्यांचे छोटे छोटे व्हिडिओ. पण जाहिरात नाही म्हणजे कमाई फक्त केबल कंपन्या देतील तेवढीच. २०१४ च्या सुमारास जाहिराती आल्या, आणि माझ्या मते खरा घात तिथेच झाला, कारण जाहिरातवाल्याला आजची पोरं आणि त्यांचे आईबाप हवे असतात, साठीचा आजोबा नाही. २०१५ ला नवा लोगो आणि स्कूबी, बग्जचे नवीन अवतार. २०१७ ला काढलेलं स्ट्रीमिंग ॲप २०२४ मध्ये बंद, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत मीटीव्ही टून्स नावाचं चॅनेल आलं जे हाच जुना माल दाखवतं 😄

आपल्याकडे कार्टून नेटवर्क १९९५ ला आलं ते टीएनटी या टर्नरच्याच पिक्चरच्या चॅनेलबरोबर अर्धं अर्धं. रात्री नऊला टॉम अँड जेरी जाऊन जुने इंग्लिश पिक्चर सुरू व्हायचे आणि आम्ही जाम चिडायचो, पण त्यातले बरेचसे पिक्चरसुद्धा त्याच एमजीएमच्या खरेदीतले होते हे मला कॉलेज संपल्यावर कळलं.