मराठी नावं मध्येच तुटतात, त्याबद्दल

अरे, तुझ्या प्रोग्राममध्ये मराठी नावं मध्येच तुटतात म्हणालास ना, तर आधी तू नावाची लांबी कशी मोजतोस ते बघ. ‘नमस्ते’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला मात्र सहा चिन्हं: न, म, स, हलन्त, त आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे झाले १८. डेटाबेसमधल्या रकान्याची मर्यादा बाइटमध्ये असेल, तर २० मध्ये सहाच चिन्हं बसतात. म्हणून नाव कापायचंच असेल तर ग्राफीम क्लस्टरच्या, म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर म्हणून दिसणाऱ्या चिन्हगटाच्या, हद्दीवर काप.

दुसरी गोम ‘ऱ’ची. ‘दऱ्या’ मधला ऱ कुणी एका चिन्हाने टाइप करतं, कुणी र अधिक नुक्ता (खालचा टिंब) असा. दिसायला सारखाच, पण शोधात सापडत नाही. माझी यात अख्खी संध्याकाळ गेली होती. मजकूर साठवण्याआधी आणि शोधतानाही एनएफसी नॉर्मलायझेशन कर, म्हणजे दोन्ही रूपं एकसारखी होतात.

नावांची क्रमवारी साध्या सॉर्टवर सोडू नकोस, तो चिन्हांच्या क्रमांकानुसार लावतो. युनिकोड या चिन्हांच्या क्रमांकयादीत ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीतले मराठी नियम लाव.

आणि हो, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसली तर घाबरू नकोस. फाइल बहुधा ठीक असते. फक्त सुरुवातीला बीओएम, म्हणजे फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला सांगणारी अदृश्य खूण, घालून पुन्हा लिही.